आम्ही तारीख सांगितलीच नव्हती

2024 च्या मृगाच्या आदल्या दिवशी आईच्या घरातल्या समोरच्या दोन खोल्या खाली झाल्या. सात वर्षं तिथे एक बिऱ्हाड होतं. भाडं महिन्याचं, व्यवहार तोंडी, कागद एकही नाही. खोल्या परत मागायचं आमच्या मनात आलं तेव्हापासून त्या हातात येईपर्यंत सात-आठ महिने गेले, आणि त्यातले बरेचसे निव्वळ आमच्या न बोलण्यापायी गेले. आमच्या दारव्हा तालुक्यात गावोगावी अशीच घरं आहेत. मुलं पुण्या-नागपूरला, घरात एकटी आई आणि समोरच्या खोलीत हजार-दीड हजार भाड्याचं कुटुंब. म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

मी शाखा डाकपाल आहे. माझं सासर आईच्या गावापासून आठ किलोमीटरवर. वकिलांच्या नोटिशींचे लिफाफे माझ्या हातून कितीतरी जातात. घेणाऱ्याचा चेहरा कसा उतरतो ते मी रोज पाहते. तरी आपल्या घरून तसा लिफाफा निघेल असं कधी वाटलं नव्हतं.

बाबा 2016 मध्ये गेले. माझा भाऊ पुण्याला, मी सासरी. आई एवढ्या मोठ्या कवेलूच्या घरात एकटी. समोरच्या दोन खोल्या बाबांनीच शेवटी शेवटी पक्क्या बांधल्या होत्या. रस्त्याच्या पातळीला, आतच न्हाणी-संडास. पुढच्या वर्षी त्या भाड्याने दिल्या त्या पैशासाठी नाही, सोबतीसाठी. त्या भाडेकरू नवरा-बायकोला आम्ही भाऊ-वहिनीच म्हणायचो. भाऊ काळीपिवळी टॅक्सी चालवायचे, वहिनी शिलाई मशीनवर ब्लाउज-फॉल-पिकोचं काम करायच्या. मुलगी तेव्हा तिसरीत, मुलगा कडेवर. आईला ती सगळी 'मोठीआई' म्हणत. भाडं हजार ठरलं, पुढे दीड हजार झालं. अनामत तीन हजार. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी वहिनी भाजीच्या पिशवीसोबतच भाडं घेऊन यायच्या आणि चहा पिऊनच जायच्या.

हिशेब कसा ठेवला जायचा ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचा अर्धा घोळ तिथलाच. आईला सहीपुरतंच लिहिता येतं. भिंतीतल्या लाकडी कपाटाच्या दाराला आतून ती चुन्याचं बोट लावायची. भाडं आलं की पानाच्या डब्यातल्या चुन्यात बोट बुडवायचं आणि दारावर टेकवायचं. एक बोट म्हणजे एक महिना. बारा झाली की खालून आडवी रेघ. पाहायला फार सुंदर दिसायचं ते दार. पण दर दिवाळीला घराला रंग मारताना कपाटालाही हात फिरायचा, आणि वर्षाचा हिशेब ऑइलपेंटखाली जायचा. पावती कधी दिली नाही, त्यांनी कधी मागितली नाही.

2021 मध्ये काळीपिवळी बंद पडली तेव्हा काही महिने भाडं आलं नाही. आई म्हणते चार महिने, भाऊ म्हणतात दोन. कोण खरं, हे सांगणारं कपाटाचं दार दोनदा रंगवून झालं होतं. दोघंही खोटं बोलणारी माणसं नाहीत. कागद नसला की दोन खरी माणसंसुद्धा समोरासमोर उभी राहतात, हे मला तेव्हा कळलं.

2023 च्या श्रावणात आई मागच्या न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं, वॉकर आला. मागच्या भागात दोन उंच पायऱ्या, संडास परसात, पावसात अंगणभर चिखल. डॉक्टरांनी सांगितलं, पायरी नको, ओल नको. ज्या खोल्या तिला हव्या होत्या त्या आमच्याच घरात होत्या, आणि तिथे दुसरं कुटुंब राहत होतं. मी, माझे मिस्टर आणि दोन्ही मुलं आईकडे राहायला जायचं आम्ही ठरवलं. म्हणजे खोल्यांची गरज खरी होती, नुसतं निमित्त नव्हतं. हे स्वतःशी नीट ठरलेलं असणं फार महत्त्वाचं आहे. भाडं वाढवून दुसऱ्याला द्यायचं मनात असेल आणि तोंडाने आईचं आजारपण सांगत असाल, तर गावात ते दोन दिवसांत उघडं पडतं.

दिवाळीच्या फराळाला वहिनी आल्या तेव्हा आई म्हणाली, "पाहा ना बाई, आता आमचंबी लय अवघड झालं." वहिनी म्हणाल्या, "हाव ना मोठीआई, काय करावं." आम्हाला वाटलं, झालं सांगून. डिसेंबरात मी भाऊंना म्हटलं, "भाऊ, आता तुम्हीपण स्वतःचं काही पाहायला पाहिजे." ते हो म्हणाले. दोन आठवड्यांनी कळलं की ते ग्रामपंचायतीत घरकुलाच्या यादीत आपलं नाव आहे का ते पाहून आले. माझ्या बोलण्याचा त्यांनी हा अर्थ लावला, आणि तो अगदी सरळ अर्थ होता. चूक माझी होती. मी 'खोली खाली करा' हे शब्दच उच्चारले नव्हते. आपल्याकडे असं तोंडावर बोलणं म्हणजे माणूस तोडणं वाटतं. म्हणून आपण घुमवून बोलतो, आणि समोरच्याने ओळखलं नाही की त्याच्यावरच रागावतो.

जानेवारीत आम्ही दारव्ह्याला कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे गेलो. हे बऱ्याच बायकांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम सांगते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे पाहत नाहीत. अर्ज आईच्या नावाने केला. एक वकीलबाई मिळाल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घर ग्रामपंचायतीत आहे की नगरपरिषदेत?"

मला वाटलं, घर ते घर. पण सगळं याच प्रश्नावर ठरतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा आहे आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. तो कुठे लागू आहे ते त्या कायद्यातच दिलेलं आहे, सोबत परिशिष्टांत गावाशहरांच्या याद्या आहेत. आमचं गाव त्यात बसत नाही, हे वकीलबाईंनी तपासून सांगितलं. मग आम्हाला लागतो तो 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, त्याचं कलम 106. लेखी करार नसेल आणि घर राहण्यासाठी दिलेलं असेल तर ते महिन्या-महिन्याचं भाडं धरतात, आणि दोघांपैकी कोणीही पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन ते संपवू शकतं. पूर्वी ही नोटीस भाड्याच्या महिन्याच्या शेवटीच संपावी लागायची. 2002 च्या दुरुस्तीनंतर तशी अट राहिली नाही. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस मोजतात.

माझ्या नणंदेचं घर यवतमाळ शहरात आहे, तिथे गोष्ट वेगळी. तिथे भाडे नियंत्रण कायदा लागतो. नुसती पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूला काढता येत नाही, कायद्यात दिलेलं कारण लागतं. स्वतःची खरी गरज हे त्यातलं एक, आणि तिथेही खोली सोडल्याने जास्त हाल कोणाचे होतील ते कोर्ट तोलून पाहतं. भाडं थकलं असेल तर नव्वद दिवसांची लेखी मागणी आधी करावी लागते, आणि दावा झाल्यावरही भाडेकरूने मुदतीत सगळं थकलेलं भाडं 15 टक्के व्याजासह आणि खर्चासह भरलं तर त्या कारणाने त्याला काढता येत नाही. लेखी आणि नोंदणी केलेला करार करणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. तो केलेला नसला आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते आधी खरं धरतात. म्हणून नणंद आता दर वेळी अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीचा करार, नोंदवून घेते. मुदत संपून माणूस निघाला नाही तर त्यासाठी वेगळे सक्षम प्राधिकारी आहेत आणि पुढच्या दिवसांसाठी दुप्पट रक्कम मागता येते. आमच्या सासऱ्यांच्या वयाची माणसं अजूनही 'रेंट कंट्रोलरची परमिशन काढा' म्हणतात. ते जुन्या सी. पी. अँड बेरार प्रांताच्या 1949 च्या आदेशाच्या काळचं. नोटीस द्यायच्या आधीच परवानगी लागायची तेव्हा विदर्भात. आता तो आदेश नाही.

वकीलबाईंनी कागद मागितले तेव्हा आमची दुसरी चूक बाहेर आली. नमुना 8 वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, घर अजून बाबांच्याच नावावर होतं. सात वर्षं घरपट्टी आम्ही भरत होतो आणि पावती मेलेल्या माणसाच्या नावाने निघत होती. त्या म्हणाल्या, वारसांनी दिलेली नोटीस चालते, पण उद्या कोर्टात गेलं तर पहिली शंका इथेच काढतील. मग मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती, माझ्या भावाचं संमतिपत्र, ग्रामपंचायतीच्या चकरा. जवळजवळ दीड महिना गेला. तो पुण्याहून एका दिवसाची सुट्टी काढून सहीला आला. ज्यांचे वडील गेलेत आणि वारसनोंद राहिली आहे त्यांनी भाडेकरूची वाट पाहू नये. ते काम आजच काढा.

शेजारच्या काकूंनी याच सुमारास आईच्या मनात भलतंच भरवून दिलं. "बारा वर्सं झाली का घर त्यायचंच होते मंग." आई दोन रात्री झोपली नाही. वकीलबाईंनी तिला समोर बसवून समजावलं. भाडेकरू तुमच्या परवानगीने राहतो, तुम्हाला मालक मानून भाडं देतो. तो कितीही वर्षं राहिला तरी नुसत्या राहण्याने मालक होत नाही. बारा वर्षांची गोष्ट मालकाच्या विरोधात, त्याचा हक्क नाकारून कब्जा करणाऱ्याची आहे. या एका भीतीपायी गावाकडे लोक चांगल्या भाडेकरूलासुद्धा दर दोन वर्षांनी उठवतात, लेकरांच्या शाळा मोडतात. भीती वाटत असेल तर पावती द्या, करार करा. पावतीवर 'भाडं' हा शब्द आणि त्याची सही असली की तो मालक कोणाला मानतो ते तिथेच लिहिलेलं असतं.

फेब्रुवारीअखेर नोटीस तयार झाली. एक पान. घराचं वर्णन, महिन्याचं भाडं, आईच्या आजारपणामुळे स्वतःला खोल्या हव्या आहेत, आणि अमुक तारखेला भाडेकरार संपवून खोल्यांचा ताबा द्यावा. तारीख मोकळी ठेवली होती. भाऊ-वहिनींची मुलगी दहावीला होती. कायद्याने पंधरा दिवस पुरे होते. पण बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना घर सोडायला सांगणं मला जमलं नसतं, आईला तर मुळीच नाही. ती पोरगी आईच्या ओसरीत दिव्याखाली बसून गणितं सोडवायची. शेवटचा पेपर होईपर्यंत ती नोटीस माझ्या गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली पडून होती. मग मार्च संपता संपता 31 मे तारीख घातली. दोन महिने. उन्हाळ्याची सुट्टी, निकाल, शाळा-कॉलेज उघडायच्या आत आणि पावसाच्या आत. गावात पावसाळ्यात बिऱ्हाड हलवायला लावणं म्हणजे पाप आहे असं मी मानते.

लिफाफ्यातून त्यांना हे कळावं असं मला वाटत नव्हतं. म्हणून टपालात टाकायच्या आदल्या दिवशी मी संध्याकाळी गेले. छपरीत बसले. वहिनींनी मशीन थांबवलं. मी सरळ सांगितलं, "भाऊ, वहिनी, आईसाठी या खोल्या आम्हाला पाहिजेत. 31 मेपर्यंत खाली करा. उद्या याचंच पत्र टपालाने येईल, घाबरू नका, सही करून घ्या."

भाऊ बराच वेळ खाली पाहत होते. मग म्हणाले, "ताई, दिवाळीतच सांगतलं असतं त म्या आतालोक पाह्यली असती ना खोली."

मी म्हटलं, आम्ही सांगितलं होतं की. ते म्हणाले, "मोठीआई बोलली का अवघड झालं. पण खोली सोडा असं कोठी बोलली?" आणि ते खरंच होतं. चार महिने आम्ही मनातल्या मनात त्यांना घालवत होतो आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

टपालाबद्दल दोन शब्द, माझ्या कामातले. नोटीस हातोहात देता येते, घरातल्या मोठ्या माणसाकडे देता येते, तसं जमत नसेल तर दारावर ठळक जागी चिकटवता येते. पण टपालाने पाठवलेली बरी, कारण तारखेचा पुरावा राहतो. आम्ही तेव्हा पोचपावतीसह रजिस्टर केलं होतं. 2025 मध्ये रजिस्टर सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली, तेव्हा आता स्पीड पोस्ट करताना नोंदणी आणि पोचपावती वेगळी मागून घ्या. पत्ता पूर्ण घाला. लिफाफा घेतला नाही म्हणजे नोटीस मिळाली नाही, असं लोक समजतात. डाकसेवक 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आणतो तो लिफाफा जपून ठेवा, न फोडता. कोर्ट साधारणपणे ती नोटीस मिळाली असंच धरतं. आमच्या वहिनींनी मात्र सही केली. इंग्रजीत, मुलीकडून शिकलेली.

एप्रिल गेला. मे अर्धा गेला. काहीच हललं नाही. भाऊ माझ्याशी बोलेनासे झाले. आणि मग ते झालं ज्याची मला आजही लाज वाटते.

आमचे मामा मे महिन्यात आईला पाहायला आले होते. त्यांनी दुपारी, मी पोस्टातून यायच्या आत, समोरच्या खोल्यांच्या बोर्डावरचं फ्यूज काढून खिशात ठेवलं. "लाइन गेली का दोन दिवसात निंगते खोलीतून, पाहा तू." मी आले तेव्हा तीन वाजले होते. यवतमाळ जिल्ह्यातली मे महिन्याची दुपार. टिनाला हात लावला तर फोड येईल असं ऊन. वहिनींनी कुलरच्या गवताच्या जाळ्या काढून खिडकीला टेकवल्या होत्या आणि गुंडातलं पाणी तांब्याने त्यांच्यावर मारत होत्या. मुलगा ओल्या फरशीवर उघड्या अंगाने झोपला होता. त्या मला काहीच बोलल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलं आणि परत पाणी मारायला लागल्या. नळ चार दिवसांआड येत होता तेव्हा. ते प्यायचं पाणी होतं.

मी मामांच्या खिशातून फ्यूज काढून घेतलं आणि लावलं. त्यांच्याशी मोठ्याने बोलले, आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना सांगितलं तर त्यांनी मलाच सुनावलं. भाडे नियंत्रण कायदा जिथे लागतो तिथे असं कारणाशिवाय वीज-पाणी तोडणं हा शिक्षेचा गुन्हा आहे. आणि कायदा कोणताही असो, भाडेकरू बाहेर गेला म्हणून कुलूप लावणं, सामान अंगणात ठेवणं, दांडगाईने काढणं हे कधीच चालत नाही. कायद्याची वाट सोडून ज्याला बाहेर काढलं तो सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवू शकतो, मग मालकी कोणाचीही असो. 1963 च्या विशिष्ट साहाय्य कायद्यातच तसं आहे. म्हणजे तुम्ही बरोबर असून चूक ठरता. ताबा घ्यायचा तर माणसाने स्वतःहून द्यावा किंवा कोर्टाने द्यायला लावावा. तिसरी वाट नाही.

पण माझ्या मनात कायद्यापेक्षा त्या ओल्या जाळ्या राहिल्या. संध्याकाळी वहिनींची माफी मागितली. तेव्हा त्या रडत रडत बोलल्या. खोल्या पाहून झाल्या होत्या, एप्रिलपासून. पाच ठिकाणी. तीन ठिकाणी खोली रिकामी असून नाही म्हटलं.

मला खरं वाटेना. पुढच्या रविवारी मी त्यांच्यासोबत गेले. गावातच, माझ्या ओळखीच्या घरी. त्या घरच्या आजींनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, खोली दाखवली. मग विचारलं, "कोन्या समाजाचे म्हणायचे तुम्ही?" भाऊंनी सांगितलं. आजी म्हणाल्या, "मंग पोराले विचारून सांगतो." भाऊ लगेच उठले. त्यांना पुढचं माहीत होतं. रस्त्यावर येऊन ते मला म्हणाले, "ताई, तुमच्या बाबानं नोतं विचारलं असतं. तुमच्या आईनंबी नाई विचारलं." आम्ही त्यांना मुद्दाम वेळ काढणारे समजत होतो. घर सोडा म्हणणाऱ्याला माणूस का निघत नाही ते एकदा तरी त्याच्याबरोबर चालून पाहायला हवं. आमच्या गावात त्याचं उत्तर त्या एका प्रश्नात होतं.

31 मे असाच गेला. 2 जूनला, बाजाराच्या संध्याकाळी, वहिनी नेहमीसारख्या दीड हजार घेऊन आल्या. आईचा हात पुढे गेला. मी मध्येच म्हटलं, "आई, घेऊ नको." वकीलबाईंनी बजावून ठेवलं होतं की मुदत संपल्यावर भाडं म्हणून पैसे घेतले तर तुम्हीच ती नोटीस सोडून दिली आणि भाडेकरार पुढे चालू ठेवला असा अर्थ निघू शकतो. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. घ्यायचेच असतील तर भाडं नाही, मुदतीनंतरच्या वापराची भरपाई आहे, आणि नोटीस कायम आहे, असं लिहून घ्यायचे. आई माझ्यावर चिडली. "सात वर्सं घेतले या हातानं, आज काहून नाई?" वहिनींना वाटलं आता संबंध संपला. त्यांना नीट समजावून सांगायला मला अर्धा तास लागला, आणि शेवटी पैसे घेतले नाहीत.

त्याच रात्री भाऊ, वहिनी, आई आणि मी बसलो. ग्रामपंचायतीच्या एक सदस्यबाई होत्या. जुनी थकबाकी, चार महिन्यांची असो की दोन, सोडली. अनामतीचे तीन हजार पूर्ण परत. जूनच्या दिवसांचे पैसे नाहीत. ट्रॅक्टरचं भाडं आमचं. हे कागदावर लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या. मामांना हे पटलं नाही, आजही पटत नाही. मी हिशेब असा केला की दावा लावला असता तर तारखांमध्ये वर्षं गेली असती, आणि ती वर्षं आईकडे मागच्या दोन पायऱ्यांवर घालवायला नव्हती. कुठे असं बोलणंच होत नसेल तर विधी सेवा समितीत दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचं, प्रकरण करता येतं. लोकअदालतीत तडजोड झाली की ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी असते आणि तिच्यावर अपील नाही. आमचंही तसंच ठरत होतं, गरज पडली नाही.

खोली मिळाली ती माझ्या सासरच्या गावी, पोस्टाच्या मागेच. ती मी स्वतः बोलून ठरवली. सांगताना मालकाला समाज आधीच सांगितला आणि म्हटलं, सात वर्षं आमच्याकडे होते, मी जामीन आहे.

6 जूनला ट्रॅक्टर आला. मशीन सगळ्यात शेवटी निघालं. जिथे ते होतं तिथल्या शहाबादी फरशीवर तेलाचा काळा डाग पडला आहे, टाचेएवढा. वहिनी तो राखेने घासत बसल्या होत्या, मी त्यांना उठवलं. मीटरचा आकडा लिहिला, दोन्ही खोल्यांचे मोबाइलवर फोटो काढले, 'आज रोजी खोल्या खाली करून किल्ली दिली' असं भाऊंनी लिहून दिलं, अनामत मिळाल्याची सही केली. किल्ली आईच्या हातात दिली. आईने त्यांच्या दोन्ही लेकरांच्या हातावर पैसे ठेवले आणि आत निघून गेली. आभाळ भरून आलं होतं.

आई आता समोरच्या खोलीत झोपते. वॉकर घेऊन रस्त्यापर्यंत जाते, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारते.

त्यांचं टपाल अजूनही कधीकधी आईच्या पत्त्यावर येतं. गेल्या महिन्यात भाऊंचं लायसन्स नूतनीकरण होऊन स्पीड पोस्टाने आलं, पत्ता जुनाच. आईने मला फोन करायला लावला. संध्याकाळी ते आले, लिफाफ्यावर सही केली, समोरच्या खोलीत खुर्चीवर बसले. वहिनींनी आईसाठी शिवलेलं पोलकं पाठवलं होतं, पुढून बटणांचं, कारण आता तिचा हात मागे जात नाही. चहा झाल्यावर ते उठले आणि सवयीने आतल्या दाराकडे वळले, मग थांबले आणि रस्त्याच्या दाराने बाहेर पडले. आईने मागून हाक मारली, "पत्ता बदलून घेजो रे आता." मग थोड्या वेळाने मला म्हणाली, "नाई बदलला तरी चालते."